नवा ‘सी पॉझिटिव्ह’ रिपोर्ट आला, तर तो कुठून आला हेही विचारा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. आयुक्त, आरोग्य सेवा,
आणि राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाचे राज्यातील सर्व अधिकारी

विषय : डायलिसिस केंद्रांत आणि रक्त घेणाऱ्या रुग्णांत होणाऱ्या हिपॅटायटिस सी च्या नव्या संसर्गाचा उगम शोधण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

डायलिसिसला येणारा रुग्ण वर्षानुवर्षं निगेटिव्ह असतो आणि एका तपासणीत अचानक ‘एचसीव्ही पॉझिटिव्ह’ (म्हणजे यकृताला ग्रासणाऱ्या हिपॅटायटिस सी विषाणूने बाधित) निघतो, तेव्हा केंद्रावर दोन गोष्टी होतात. त्याचं मशीन बदलतं आणि त्याला जिल्हा रुग्णालयात गोळ्यांसाठी पाठवलं जातं. हा विषाणू त्याच्या रक्तात आला कुठून, हा प्रश्न कुणी विचारत नाही. तो आपण विचारावा आणि त्याचं उत्तर शोधण्याची पद्धत राज्यात बसवावी, एवढीच मागणी करायला हे पत्र लिहिते आहे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. माझा धाकटा भाऊ आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस घेतो. तो असाच पॉझिटिव्ह झाला. मधल्या काळात त्याचं कुठलंही ऑपरेशन झालं नव्हतं, त्याला रक्त चढवलं नव्हतं, दाताचं कामही झालं नव्हतं. केंद्रावर विचारलं तर ‘डायलिसिसवर होतं असं कधीकधी’ असं उत्तर मिळालं. केंद्राचं नाव मी इथे घेणार नाही. दुसऱ्या गावच्या नातेवाइकांशी बोलले, तर त्यांनाही जवळजवळ याच शब्दांत सांगण्यात आलेलं होतं. म्हणून हे गाऱ्हाणं एका केंद्राविरुद्ध नाही.

आधी जे चांगलं झालं आहे ते मनापासून सांगते. सोफोसबुविर हे हिपॅटायटिस सी वरचं औषध २०१३ च्या शेवटी अमेरिकेत आलं तेव्हा बारा आठवड्यांच्या गोळ्यांची किंमत ८४,००० डॉलर होती. पुढे भारतीय कंपन्यांना ते बनवायचे परवाने मिळाले, किंमत कोसळली आणि २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हे औषध सरकारी रुग्णालयात फुकट मिळू लागलं. माझ्या भावाला एक रुपयाही खर्च न करता बारा आठवडे गोळ्या मिळाल्या. डायलिसिसच्या रुग्णांना हे औषध द्यावं की नाही, याबद्दल सुरुवातीची काही वर्षं डॉक्टरही साशंक होते; आता ते दिलं जातं आणि शंभरातले पंच्याण्णवहून अधिक रुग्ण बरे होतात. ज्या आजाराने यकृत कडक होत जाऊन शेवटी सिरोसिस किंवा कॅन्सर व्हायचा, तो गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, ही आमच्यासारख्या घरांसाठी फार मोठी गोष्ट आहे.

पण औषध इतकं चांगलं निघालं की त्यामुळेच चौकशी मागे पडली, असं मला वाटतं. पूर्वी कुठलं औषध किती महिने द्यायचं हे ठरवायला रुग्णाच्या विषाणूचा जीनोटाइप, म्हणजे जनुकीय प्रकार, तपासावा लागायचा. आताच्या गोळ्या जवळपास सगळ्या जीनोटाइपवर चालतात, त्यामुळे उपचार सुरू करताना ती तपासणी लागत नाही. खर्च वाचला, वेळ वाचला, दूरच्या तालुक्यातल्या माणसालाही लगेच गोळ्या मिळू लागल्या, हे सगळं योग्यच झालं. मात्र जीनोटाइपबरोबर विषाणूच्या जनुकांमध्ये डोकावून पाहायची सवयही सुटली. आणि हा विषाणू कुणाकडून कुणाकडे गेला, याची नोंद नेमकी तिथेच असते.

ती कशी, हे थोडं सविस्तर सांगू द्या, कारण माझी सगळी मागणी त्यावर उभी आहे.

हिपॅटायटिस सी चा विषाणू आरएनए या जनुकीय रेणूचा आहे. त्याचा जनुकीय मजकूर साधारण ९,६०० अक्षरांचा. यकृताच्या पेशीत शिरल्यावर तो या मजकुराच्या नकला काढतो, आणि नकला काढणाऱ्या त्याच्या एन्झाइमला झालेली चूक दुरुस्त करता येत नाही. संसर्ग झालेल्या एका माणसाच्या शरीरात दिवसाला सुमारे एक लाख कोटी नवे विषाणू तयार होतात. त्यामुळे एकाच रुग्णाच्या रक्तात एकसारखा विषाणू नसतो, थोड्याथोड्या फरकाच्या भावंडांचा मोठा घोळका असतो. शरीराची प्रतिकारशक्ती एकाला ओळखेपर्यंत दुसरा पुढे आलेला असतो. विषाणूच्या बाहेरच्या आवरणातला एक तुकडा तर इतका बदलता असतो की त्याला नावच ‘अतिपरिवर्तनशील’ असं दिलेलं आहे. १९८९ मध्ये हा विषाणू सापडला, त्याच्या शोधासाठी २०२० चं नोबेल दिलं गेलं, पण त्यावरची लस आजही नाही, याचं एक मोठं कारण हे आहे. एकदा बरा झालेला माणूस पुन्हा बाधित होऊ शकतो, तेही यामुळेच.

जुन्या पोथ्यांचे अभ्यासक कुठली प्रत कुठल्या प्रतीवरून उतरवली हे ठरवताना बरोबर लिहिलेल्या ओळींपेक्षा चुकांकडे जास्त लक्ष देतात. दोन प्रतींत त्याच त्या चुका सापडल्या तर त्यांचं मूळ एक. विषाणूचंही तसंच आहे. दोन रुग्णांच्या विषाणूंमधले बदल पुष्कळसे जुळले, आणि गावातल्या इतर रुग्णांच्या विषाणूंपेक्षा ते दोघं एकमेकांच्या फार जवळ निघाले, तर संसर्गाची साखळी दिसू लागते. शिवाय बदलांचा वेग ढोबळमानाने माहीत आहे, हजार अक्षरांमागे वर्षाला एखादा. त्यावरून साखळी अंदाजे केव्हा सुरू झाली हेही काढता येतं.

आता आपल्याकडची अडचण. जगात या विषाणूचे आठ जीनोटाइप ठाऊक आहेत. एका जीनोटाइपचा मजकूर दुसऱ्यापेक्षा तीस टक्क्यांहून अधिक वेगळा असतो, आणि त्यांचे पुन्हा नव्वदच्या आसपास उपप्रकार आहेत. इजिप्तमध्ये चौथा जीनोटाइप जास्त, दक्षिण आफ्रिकेत पाचवा, आग्नेय आशियात सहावा. भारतात तिसऱ्याचं प्रमाण सर्वांत मोठं आणि त्याच्या खालोखाल पहिला. अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या फ्रीमाँट या छोट्या गावी २००० ते २००१ या काळात कॅन्सरच्या एका दवाखान्यात ९९ रुग्णांना हिपॅटायटिस सी झाला होता. तिथे कॅथेटरमधून (शिरेत बसवलेल्या नळीतून) रक्त काढलेलीच सिरिंज पुन्हा सलाईनच्या सामाईक पिशवीत घातली जायची. त्या सगळ्यांचा विषाणू ३ए या उपप्रकारचा निघाला. तो उपप्रकार त्या भागात कमी आढळणारा, म्हणून नुसत्या जीनोटाइपनेच संशय पक्का झाला आणि सुरुवात कुठल्या रुग्णापासून झाली तेही कळलं.

आपल्याकडे हा मार्ग बंद आहे. एका शिफ्टमधले चार रुग्ण पॉझिटिव्ह झाले, चौघांचाही जीनोटाइप ३ आला, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. गावातल्या कुठल्याही चार पॉझिटिव्ह माणसांत ते होऊ शकतं. म्हणजे जिथे हा जीनोटाइप विरळ आहे तिथल्यापेक्षा आपल्याला अधिक खोल तपासणीची गरज आहे. विषाणूच्या त्या बदलत्या तुकड्याचं सिक्वेन्सिंग करून, म्हणजे त्यातली अक्षरं क्रमाने वाचून, त्याच भागातल्या संबंध नसलेल्या रुग्णांच्या विषाणूंशी ते ताडून पाहिल्याशिवाय आपल्याकडे कुणालाही ‘हा संसर्ग इथेच झाला’ किंवा ‘इथे झाला नाही’ असं म्हणता येणार नाही. आज दोन्ही बाजूंनी नुसता अंदाज चालतो. नातेवाईक केंद्राला दोष देतात, केंद्र रुग्णाला विचारतं, ‘बाहेर कुठे इंजेक्शन घेतलं होतं का?’

या तपासणीने निरपराध माणूस सुटतो, हेही आपण लक्षात घ्यावं अशी विनंती आहे. स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात एका भूलतज्ज्ञाकडून शेकडो रुग्णांना हा विषाणू गेल्याचा खटला चालला आणि २००७ मध्ये त्याला शिक्षा झाली. शास्त्रज्ञांनी हजारो सिक्वेन्स तपासून २७५ जणांचा संसर्ग त्या साखळीतला असल्याचं दाखवलं. पण संशयित म्हणून आलेल्या आणखी ४७ जणांचा तिच्याशी संबंध नाही, हेही त्यांनीच सांगितलं. लिबियात बेनगाझीच्या रुग्णालयात चारशेहून अधिक मुलांना एचआयव्ही झाला, त्यातल्या अनेकांना हिपॅटायटिस सी देखील होता. पाच बल्गेरियन परिचारिका आणि एका पॅलेस्टिनी डॉक्टरला त्यासाठी फाशीची शिक्षा सुनावली गेली होती. दोन्ही विषाणूंच्या जनुकांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ही माणसं तिथे येण्याआधीपासूनच हे विषाणू त्या रुग्णालयात पसरत होते असं दिसलं. पुढच्या वर्षी ते सुटले. आपल्या केंद्रांतल्या तंत्रज्ञांना आणि सिस्टरना या चौकशीची भीती वाटू नये म्हणून मुद्दाम हे लिहिते आहे. त्यांच्यावर संशय घेणं हा माझा हेतू अजिबात नाही.

उलट त्यांची ओढाताण मी जवळून पाहते. डायलिसिसमध्ये हा विषाणू पसरतो तो बहुधा कुणाच्या दुष्टपणामुळे किंवा मशीनच्या आतून नाही. तो हातांवरून, ट्रॉलीवरून, औषधाच्या बाटलीवरून जातो. एकाची सुई काढताना फिस्टुलातून (डायलिसिससाठी हातावर जोडून घेतलेल्या रक्तवाहिनीतून) रक्त येत असतं, तेवढ्यात शेजारच्या मशीनचा अलार्म वाजतो, आणि तंत्रज्ञ त्याच ग्लोव्ह्जनी तिकडचं बटण दाबतो. रक्त गोठू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या हेपरिनची एकच वायल (बाटली) अनेकांसाठी वापरली जाते आणि ती बेडजवळच्या ट्रॉलीवर ठेवलेली असते. एक शिफ्ट उठून दुसरी बसेपर्यंत खुर्ची, मशीनचा पुढचा भाग, बीपीचा पट्टा पुसायला पुरेसा वेळ नसतो. या विषाणूला अदृश्य रक्ताचा थेंबही पुरतो आणि वाळलेल्या थेंबात तो खोलीच्या तापमानाला कित्येक दिवस टिकतो. माणसं कमी, शिफ्ट जास्त, असं असेल तिथे कितीही प्रामाणिक तंत्रज्ञ असला तरी कधीतरी हात चुकणारच. कुठल्या केंद्रात नेमकं काय चुकतं हे कळलं तर तिथे माणसं वाढवता येतील, हेपरिन भरायची जागा वेगळी करता येईल. कळलंच नाही, तर सगळ्यांना एकच परिपत्रक जाईल आणि ते भिंतीवर चिकटेल.

किडनीच्या आजारावरच्या ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात हे आधीच सांगितलं आहे : डायलिसिसच्या रुग्णाची सहा महिन्यांनी तपासणी करा, आणि नवा संसर्ग केंद्रातून झाल्याची शक्यता असेल तर सार्वजनिक आरोग्य यंत्रणेला कळवा, त्या केंद्रातल्या सगळ्या रुग्णांची तपासणी करा. हे आपल्या राज्यात कागदावर कुठे असेलही; खुर्चीत बसलेल्या माणसापर्यंत ते पोचलेलं मला दिसलं नाही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. माझ्या भावाच्या रक्तात आता विषाणू नाही. उपचारानंतरच्या आरएनए तपासणीत तो सापडला नाही, म्हणजे तो बरा झाला. पण अँटिबॉडीची (शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेल्या प्रथिनांची) साधी चाचणी सहसा आयुष्यभर पॉझिटिव्ह येत राहते, आणि केंद्राची वही ती चाचणी मानते. त्यामुळे तो अजून ‘पॉझिटिव्हच्या मशीनवर’ आहे, ज्यांच्या रक्तात विषाणू खरोखर आहे अशांच्या शेजारी. बऱ्या झालेल्या माणसाला संरक्षण नसतं हे वर लिहिलंच आहे. म्हणजे संसर्ग टाळण्यासाठी म्हणून केलेल्या व्यवस्थेत त्यालाच पुन्हा धोका. उद्या तो परत पॉझिटिव्ह झाला तर जुना विषाणू उलटला की नवा आला, हे जुन्या-नव्या विषाणूचा मजकूर ताडल्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही. आणि जुन्याचा मजकूर कुणी वाचलेलाच नाही.

रक्त घेणाऱ्या मुलांचा प्रश्न याहून जिव्हारी लागणारा आहे. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त लागतं, आणि वारंवार रक्त लागू शकणाऱ्या सिकलसेलची घरंही विदर्भात कमी नाहीत. दात्याला संसर्ग झाल्यावर अँटिबॉडी दिसायला आठ ते अकरा आठवडे लागतात. तेवढ्या काळात दिलेलं रक्त साध्या चाचणीत स्वच्छ दिसतं. नॅट चाचणी विषाणूचा आरएनएच शोधते, त्यामुळे तो एक-दोन आठवड्यांत सापडतो. पण नॅट आपल्या सगळ्या रक्तपेढ्यांत होत नाही. २०२२ मध्ये नागपुरात थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्ही झाल्याचं समोर आलं तेव्हा महाराष्ट्र हादरला होता. हिपॅटायटिस सी ला तेवढा आवाज नाही, कारण तो वीस वर्षं काही बोलत नाही. पण मार्ग तोच आहे. स्वेच्छा रक्तदानात आपलं राज्य देशात पुढे आहे याचा मला अभिमान आहे, आणि म्हणूनच दात्यापर्यंत मागे जाऊन तपासायची व्यवस्थाही इथेच आधी उभी राहावी असं वाटतं.

हे सगळं करायला यंत्रणा नाही, असं उत्तर कृपया देऊ नये. कोविडच्या काळात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत, बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात, मुंबईच्या कस्तुरबा रुग्णालयात आणि इतरत्र जनुकीय क्रमनिर्धारण झालं. डेल्टा की ओमिक्रॉन हे आम्ही वर्तमानपत्रात रोज वाचत होतो. ती यंत्रं आणि ती शिकलेली मुलं इथेच आहेत. रक्तातला विषाणू मोजायला टीबीसाठी आलेली जीनएक्सपर्ट यंत्रं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, त्याच कामाचं, गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट यंत्र आहे. कोविडच्या मानाने हे नमुने फार थोडे असतील : फक्त जे निगेटिव्हचे नव्याने पॉझिटिव्ह झाले त्यांचे, आणि त्यांच्याबरोबर बसणाऱ्यांचे.

विषाणूचा मजकूर आपण वाचत नाही तेव्हा काय होतं, याचं एक उदाहरण आहे. या विषाणूचा आठवा जीनोटाइप जगाला कळला २०१८ मध्ये. तो सापडला कॅनडात, पण ज्या चौघांच्या रक्तात सापडला ते मूळचे आपल्या पंजाबातले होते. विषाणू इथला, माणसं इथली. नोंद मात्र तिथे झाली, कारण तिथे कुणीतरी मजकूर वाचला. ईशान्येकडच्या राज्यांत आढळणाऱ्या ३बी या उपप्रकाराबद्दलही हेच म्हणावं लागेल. इतर आशियाई देशांतल्या अभ्यासात, सिरोसिस झालेल्या ३बी च्या रुग्णांपैकी जेमतेम निम्मे सोफोसबुविर-वेल्पाटासविर या दोन औषधांच्या एकत्रित गोळीने बरे झाले. तेव्हा गोळी सगळ्यांवर सारखीच चालते, हेही पूर्ण खरं नाही.

चौकशीने सरकारची बदनामी होईल अशी काळजी असेल तर इजिप्तकडे पाहावं. तिथे १९५० ते १९८० च्या दशकांत बिल्हार्झिया या परजीवी रोगावर खेडोपाडी सरकारी मोहिमेतून इंजेक्शनं दिली गेली. नीट न उकळलेल्या काचेच्या सिरिंजमधून हिपॅटायटिस सी घरोघर पोचला. हे पुढे संशोधनातून उघड झालं, आणि विषाणूच्या जनुकांतही विसाव्या शतकाच्या मध्यावर झालेला तो मोठा फैलाव दिसला. सरकारी मोहिमेतूनच रोग पसरला, हे त्या देशाने लपवून ठेवलं नाही. २०१८-१९ मध्ये त्यांनी सुमारे पाच कोटी प्रौढांची तपासणी केली, लाखोंना फुकट औषध दिलं आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निर्मूलनाच्या वाटेवरचा पहिला देश म्हणून त्यांचा गौरव केला. त्याच संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे ५५ लाख लोकांना हिपॅटायटिस सी होता. नवे संसर्ग थांबले नाहीत तर नुसत्या गोळ्यांनी हा आकडा उतरणार नाही.

म्हणून विनंती अशी आहे. डायलिसिसवरचा किंवा नियमित रक्त घेणारा रुग्ण निगेटिव्हचा पॉझिटिव्ह झाला, की ती घटना उद्रेकाची शक्यता मानून ठरावीक दिवसांत जिल्हा आरोग्य यंत्रणेला कळवणं सरकारी, धर्मादाय आणि खासगी अशा सगळ्या केंद्रांवर बंधनकारक करा. गोळ्या सुरू होण्याआधी रक्ताचा एक नमुना राखून ठेवा. गोळ्या सुरू झाल्यावर विषाणू काही आठवड्यांतच नाहीसा होतो आणि पुरावाही जातो, म्हणून हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो नमुना आणि त्याच शिफ्टमधल्या पॉझिटिव्ह रुग्णांचे नमुने सिक्वेन्सिंगला पाठवा. तुलनेसाठी प्रत्येक जिल्ह्यातले काही असंबंधित नमुने आधीच तपासून ठेवा. बऱ्या झालेल्या रुग्णाची नोंद आरएनए तपासणीवरून ठेवा, अँटिबॉडीवरून नको. दाता शोधायची वेळ आली तर राज्य रक्त संक्रमण परिषदेला या कामात पहिल्या दिवसापासून घ्या. जे निष्पन्न होईल ते रुग्णाला त्याच्या भाषेत लेखी द्या.

आणि तक्रार करणाऱ्या रुग्णाची खुर्ची जाणार नाही याची हमी द्या. आमच्यापैकी बहुतेक जण गप्प बसतात ते यासाठी. तालुक्याला एकच केंद्र असतं, पुढचं चाळीस-पन्नास किलोमीटरवर, आणि परवाच्या दिवशी पुन्हा चार तास त्याच माणसांच्या हातात हात द्यायचा असतो. प्रश्न नातेवाइकाने विचारायचा असेल तर तो विचारला जाणार नाही. तो यंत्रणेने आपणहून विचारायला हवा.

माझ्या भावाची संमती घेतली आहे. त्याचे सुरुवातीपासूनचे सगळे रिपोर्ट फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावलेले आहेत; आपण ज्या अधिकाऱ्याला सांगाल त्यांच्याकडे मी ते घेऊन येईन.

आपली नम्र,
एका डायलिसिस रुग्णाची बहीण